अफूच्या डोंगरावर कॉफीचा मळा



परदेश प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठी हॉटेले आणि दौऱ्यावर निघालेले पुढारी उभे राहतात. आम्ही दोघे गेलो ते तसे नाही. पाठीवर एकेक सॅक, तिच्यात दोन जोड कपडे, एक घोंगडी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि दशम्या. डिसेंबर २०२३ मध्ये थायलंड आणि लाओस या दोन देशांत आम्ही रेल्वे, बस, होडी आणि पायी असे बावीस दिवस हिंडलो. मुक्काम धर्मशाळेसारख्या स्वस्त खोल्यांत, नाहीतर डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरी.

दोघे म्हणजे पंचायत समितीतला विस्तार अधिकारी असलेला मी, आणि माझे मित्र आबा. आबा सह्याद्रीच्या कुशीतल्या एका गावचे भात-नाचणी पिकवणारे शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तोच म्हणाला, “आबा, एकदा जग बघून या. साहेबांना बरोबर घ्या.” मी सरकारी नोकर, तेव्हा रजेचा अर्ज, परदेश प्रवासाची परवानगी, हे सोपस्कार झाले आणि पन्नाशी उलटल्यावर आमचे पहिले पासपोर्ट हातात आले.

तुम्ही म्हणाल, जग एवढे मोठे असता थायलंडच का? कृषी महाविद्यालयात शिकत असताना, १९८८ साली, एक बातमी वाचली होती. डोंगरातल्या लोकांची अफूची शेती सोडवून त्यांना फळे, भाजीपाला आणि कॉफीकडे वळवणाऱ्या थायलंडच्या ‘रॉयल प्रोजेक्ट’ या योजनेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. ते डोंगर पाहायचे हे तेव्हापासून मनात होते. आणखी एक कारण होते, तेही सांगितले पाहिजे.

मुसळीची गोष्ट

२००३ साल. सफेद मुसळीचा तेव्हा मोठा बोलबाला होता. एकरी नफ्याचे आकडे कागदावर मांडले जात. मी ते आकडे खरे मानले आणि आबांच्या गावात जाऊन सांगितले. आबांनी माझ्या शब्दावर अर्ध्या एकरात गादीवाफे केले. बेणे महाग. त्यासाठी वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या. पीक चांगले आले. घरातल्या बायकांनी महिनाभर बसून कंद सोलले आणि वाळवले. बोटांची सालटी निघाली.

मग माल घेतो म्हणून सांगणारा व्यापारी फिरकलाच नाही. दुसरीकडे चौकशी केली तर सांगितलेल्या भावात सोलण्याची मजुरीही निघत नव्हती. मुसळीची पोती दोन वर्षे आबांच्या माळ्यावर पडून राहिली. पाटल्या काही सुटल्या नाहीत. गावातल्या सात घरांचे थोड्याफार फरकाने असेच झाले.

आबांनी मला कधी बोल लावला नाही. आमची मैत्री राहिली. पण वहिनींच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिले की माझी मान खाली जाई. पीक बदलून डोंगर सुधारला, असे जिथे खरोखर घडले तिथे काय निराळे केले, हे मला पाहायचे होते.

बँकॉकच्या बाजारात

मुंबईहून विमान साडेचार तासांत बँकॉकला पोचते. घड्याळ दीड तास पुढे करायचे. तिथे माणसे भेटली की हात जोडून ‘सवात्दी’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘स्वस्ति’वरून गेलेला आहे. हात जोडलेले पाहून आबा म्हणाले, “रामराम करणारी माणसं दिसतात. इथं निभेल.”

पंचाईत झाली ती जेवणाची. तिथल्या कालवणात माशाचा रस पडलेला असतो. दुसऱ्या दिवशी एक शब्द कळला, ‘जे’. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात तो लिहिलेला असेल त्या दुकानात मांस-मासळी नसते. कांदा-लसूणसुद्धा नसतो. तेव्हापासून माळकऱ्याची सोय झाली.

‘ऑर तॉर कॉर’ नावाचा एक बाजार बँकॉकमध्ये आहे. शेतकऱ्यांचा माल विकण्यासाठी नेमलेली सरकारी संस्था तो चालवते. खाली स्वच्छ फरशी, चिखलाचे नाव नाही. पपनस सोलून फोडी मांडलेल्या. गोड चिंच तर पेटीत मांडून, जशी आपल्याकडे हापूसची पेटी. आबांनी चिंच खाऊन पाहिली आणि म्हणाले, “आपल्याकडं ही झाडाखाली पडून जाते.”

बाजाराला लागूनच रॉयल प्रोजेक्टचे दुकान आहे. तिथे स्ट्रॉबेरी, कोवळ्या पालेभाज्या आणि कॉफीची पाकिटे होती. हा माल उत्तरेच्या डोंगरांतला, सातशे किलोमीटरवरचा. एक पान पिवळे नाही, एक फळ दबलेले नाही. आबा बराच वेळ ती पाकिटे उलटसुलट करून पाहत होते. मग म्हणाले, “साहेब, पीक नंतर बघू. हे इथवर आलं कसं, ते आधी बघायचं.”

डोई म्हणजे डोंगर

रात्रीच्या गाडीने ७५१ किलोमीटरवरच्या चियांग मायला निघालो. हे उत्तर थायलंडचे जुने शहर १२९६ साली वसले. भोवती खंदक, आत देवळेच देवळे. गावोगाव जायला लाल रंगाच्या छोट्या गाड्या असतात. मागे समोरासमोर दोन बाकडी. नावच मुळी ‘सॉन्गथेव’, म्हणजे दोन रांगा. आपल्या वडापची सख्खी बहीण म्हणा ना.

त्या भागात डोंगराला ‘डोई’ म्हणतात. डोई सुथेप, डोई पुई, डोई इंथानोन. आबांना याची फार गंमत वाटली. डोई सुथेपच्या देवळाच्या तीनशेच्या वर पायऱ्या चढून आम्ही पुढे डोई पुईला गेलो. तिथे ह्मोंग नावाच्या डोंगरी लोकांचे गाव आहे. बायका निळ्या कापडावर बारीक भरतकाम करीत बसल्या होत्या. आज प्रवाशांना दाखवण्यापुरती चार अफूची झाडे बागेत लावलेली दिसतात. एके काळी हे सगळे उतार त्याच फुलांनी भरलेले असत.

आपल्याकडे मंदसौर-नीमच भागात अफू पिकते ती सरकारी परवान्याने. इथली तशी नव्हती. थायलंड, लाओस आणि ब्रह्मदेश यांच्या सीमा मिळतात तो मुलूख ‘सुवर्ण त्रिकोण’ म्हणून साऱ्या जगात बदनाम होता. थायलंडने १९५९ साली अफूवर बंदी घातली. पण कागदावरच्या बंदीने डोंगर बदलला नाही.

अफूत असे काय होते?

इथे प्रत्येक शेतकऱ्याने थोडे थांबून विचार करावा. डोंगरातला माणूस अफू का लावत होता? तो वाईट होता म्हणून नव्हे. अफूचे तीन गुण होते. एक, माल वजनाला हलका. वर्षाची कमाई पाठीवर मावते, रस्ता नसला तरी चालते. दुसरा, माल नासत नाही. आज नाही तर चार महिन्यांनी विका. तिसरा, व्यापारी रोख पैसे घेऊन दारात येतो, वेळेला उचलही देतो. आता अशा माणसाला सांगून पाहा, “बाबा, अफू सोड आणि टोमॅटो लाव.” टोमॅटो जड, दोन दिवसांत सडणारा, आणि बाजार दोन दिवसांच्या वाटेवर!

थायलंडचे राजे भूमिबोल १९६९ साली डोई पुईच्या या वस्तीत आले होते. अफूखेरीज आणखी काही विकता का, असे त्यांनी विचारले. गावठी पीच विकतो, असे उत्तर आले. हिशेब केला तेव्हा दिसले की त्या गावठी पीचचेही पैसे जवळजवळ अफूइतकेच होतात. मग गावठी झाडावर चांगल्या जातीचे कलम केले तर? तिथून रॉयल प्रोजेक्ट सुरू झाले. त्याच साली डोई आंग खांग येथे पहिले संशोधन केंद्र निघाले. राजघराण्यातले भिसदेज रजनी हे गृहस्थ या कामाचे प्रमुख झाले आणि पुढे कित्येक दशके त्यांनी ते सोडले नाही.

त्यांनी रोपे वाटली, आपणही वाटतो. पण त्यांनी अफूचे तिन्ही गुण नव्या पिकाला कसे देता येतील ते पाहिले. गावापर्यंत रस्ते नेले. गावाजवळ माल गोळा करण्याची, निवडण्याची आणि थंड ठेवण्याची केंद्रे काढली. फळे नासू नयेत म्हणून कारखाना काढून त्यांचा रस आणि जॅम केला. तो माल आजही ‘डोई खाम’ या नावाने विकला जातो. आणि शहरात स्वतःची दुकाने थाटली. म्हणजे घेणारा पुन्हा दारात आला. अफू उपटून टाकण्याची सक्तीची मोहीम १९८० नंतरच्या दशकात झाली, ती हे सगळे बऱ्याच अंशी उभे राहिल्यावर.

सगळे गोडच झाले असे नाही. कोबीच्या मागे लागून काही डोंगर उघडे पडले, औषधांच्या फवारण्या वाढल्या, पाण्यावरून खालच्या गावांशी तंटे झाले. डोंगरातल्या कित्येकांना नागरिकत्वासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. तरीही अफू गेली आणि घर चालले, ही गोष्ट खरी.

कारेन शेतकऱ्याच्या घरी

डोई इंथानोन हे थायलंडचे सर्वांत उंच शिखर, २५६५ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे, त्यावरून उंचीचा अंदाज येईल. त्याच्या उतारावर मे क्लांग लुआंग नावाचे कारेन लोकांचे गाव आहे. आम्ही तिथे तीन रात्री राहिलो. बांबूचे घर, खाली जोते नाही तर खांब. घरधन्याचा मुलगा थोडे इंग्रजी बोलणारा, म्हणून बोलणे जमले.

समोर भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या खाचरांत कापणी झालेली. आबांनी बांधावर उभे राहून पाण्याची वाट पाहिली, वरच्या खाचरातून खालच्या खाचरात पाणी कसे उतरवले आहे ते निरखले, आणि म्हणाले, “हे आपल्याच माणसाचं काम वाटतं.” कारेन लोक उतारावर फिरती शेतीही करीत आले आहेत. एक तुकडा भाजायचा, पेरायचा, मग कित्येक वर्षे पडीक ठेवून रान वाढू द्यायचे. आपल्या सह्याद्रीत कुमरी किंवा दळी म्हणत, तोच प्रकार.

घराच्या वरच्या अंगाला, मोठ्या झाडांच्या सावलीत कॉफी. फळे लालचुटूक झालेली. घरधनीण कमरेला टोपली बांधून पिकलेले तेवढेच फळ तोडत होती. तिची लेक पांढऱ्या लांब झग्यात होती. तिथे लग्नाआधी मुलींनी असा झगा घालायची रीत आहे. मागावर पट्टा कमरेला बांधून ती स्वतःच कापड विणते. फळांची साल यंत्राने काढतात, बिया भिजवून धुतात, वाळवतात. घरधनिणीने चुलीवर लोखंडी कढईत बिया भाजल्या, कुटल्या आणि कॉफी करून दिली. गुळाची आठवण आली एवढेच.

मी घरधन्याला विचारले, “पहिल्या वर्षी कॉफी घेतली कोणी?” मला हाच प्रश्न विचारायचा होता. तो म्हणाला, वडिलांच्या वेळी सुरुवातीला थोडीच झाडे लावली. भात तसाच ठेवला. तांबेरा रोग पडला तेव्हा केंद्राच्या माणसांनी रोगाला तोंड देणारे वाण आणले. माल केंद्राने तोलून घेतला, वाईट निघाला तेव्हा का वाईट निघाला ते दाखवले आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले. ‘पुन्हा आले’ हे तो दोनदा म्हणाला.

मेकाँगच्या होडीत

चियांग मायहून बसने सीमेवर गेलो आणि पूल ओलांडून लाओसमध्ये शिरलो. ह्वे साय गावाहून लांबट लाकडी होडी मेकाँग नदीतून दोन दिवसांत लुआंग प्राबांगला जाते. रात्रीचा मुक्काम पाक बेंगला. होडीत माणसे, कोंबड्या, तांदळाची पोती, आमच्यासारखे सॅकवाले. लाओसची माणसे चिकट भात खातात. तांदूळ रात्रभर भिजत घालायचा, सकाळी बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवायचा. झाकणाच्या छोट्या करंडीत तो दिवसभर मऊ राहतो. बोटांनी गोळा करून खायचा. आमच्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तो झकास लागला. शेजारच्या शाळामास्तरांनाही चटणी आवडली आणि गप्पा सुरू झाल्या.

काठावर ओळीत लावलेली झाडे दिसत होती. मास्तर म्हणाले, रबर. उत्तर लाओसमध्ये २००० नंतरच्या वर्षांत चीनमधले व्यापारी आले, भाव चढा होता, लोकांनी भाताचे उतार मोडून रबर लावले. रबराचा चीक निघायला सात-एक वर्षे लागतात. झाडे तयार होईतो २०११ नंतर भाव कोसळले. घेणारा एकच, तो सांगेल तो भाव. मास्तरांच्या भावाने निम्मी झाडे तोडली होती.

मास्तर पाक बेंगला उतरून गेले. रात्री खोलीच्या पडवीत आम्ही बसलो होतो. नदीचा आवाज येत होता. आबा एकदम म्हणाले,

“आपली मुसळीच की हो ती, साहेब.”

वीस वर्षांत तो शब्द त्यांनी पहिल्यांदा काढला. मी म्हणालो, “आबा, चूक माझी होती.”

“चूक दोघांची. तुम्ही आकडे दाखवलेत, मी होय म्हणालो. त्याचा मला राग नव्हता.” थोडे थांबून ते म्हणाले, “राग निराळा होता. पीक उभं होतं तोवर तुम्ही दर आठ दिवसांनी यायचात. पोती माळ्यावर गेली आणि तुम्ही सहा महिने गावात फिरकला नाहीत. त्या कारेनाकडं ती माणसं पुन्हा आली. तुम्ही तोंड लपवलंत.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते खरे होते. त्या सहा महिन्यांत मी दौऱ्याच्या वहीत दुसऱ्या गावांची नावे लिहीत होतो. लाजेने गेलो नाही. पण माझ्या लाजेचा त्या सात घरांना काय उपयोग? मी एवढेच म्हणालो, “खरं आहे, आबा.” ते म्हणाले, “झालं. झोपा आता. होडी पहाटेची आहे.”

लुआंग प्राबांग हे जुने, शांत गाव. पहाटे भिक्षू ओळीने निघतात आणि बायका दारात बसून प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताचा घास घालतात. पण त्याच गावात आम्ही न फुटलेल्या बॉम्बची माहिती देणारे केंद्रही पाहिले. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या छोट्या देशावर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतले कित्येक फुटलेच नाहीत, आजही मातीत आहेत. कुदळ मारताना शेतकरी दगावतात. आबांनी बाहेर येऊन पायातल्या वहाणा काढल्या, जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, “आपल्याला एवढं तरी भय नाही.”

घरी परतल्यावर

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी त्या सातही घरी गेलो. कागद नेला नाही, योजना नेली नाही. वीस वर्षांपूर्वी येऊन जे म्हणायला हवे होते तेच म्हणालो. एका घरात म्हातारबा वारले होते, त्यांच्या मुलाला सांगितले. वहिनींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पाटल्या गेल्या त्या गेल्या. पुन्हा असलं काही सांगायचं झालं, तर गिऱ्हाईक बरोबर घेऊन या.” माझ्या साऱ्या नोकरीत मिळालेला हा सर्वांत शहाणा शेरा.

गावाने विचारले, आबा, आता कॉफी लावणार का? आबा म्हणाले, “कॉफी बघायला गेलो नव्हतो. वाट बघायला गेलो होतो.” पीक जुनेच ठेवले, आंबेमोहोर. त्या सातांपैकी पाच घरांनी मिळून पुढच्या हंगामात तांदूळ निवडून पाच-पाच किलोच्या पिशव्या भरल्या. आबांच्या मुलाने पुण्यात त्याच्या ओळखीच्या सोसायट्यांत आधी मागणी नोंदवली, मगच भात भरडायला काढले. निवडलेल्या तांदळात पहिल्या खेपेला खडे निघाले आणि दोन गिऱ्हाइकांनी पिशव्या परत केल्या. त्या दिवशी मी गावात होतो. वहिनी आणि इतर बायकांबरोबर बसून मीही तांदूळ पुन्हा निवडला. फार मोठा पैसा झाला नाही, पण गावच्या व्यापाऱ्यापेक्षा बरा भाव मिळाला. आणि माळ्यावर काही उरले नाही.

बंधू-भगिनींनो, बावीस दिवसांच्या पायपिटीतून चार प्रश्न मी बांधून आणले आहेत. नव्या पिकाचे नाव कोणी काढले की ते विचारा. माल घेणार कोण, आणि त्याने न घेतल्यास दुसरा कोण? माल तिथवर जाणार कसा आणि किती दिवस टिकणार? पोटाचे पीक न मोडता थोड्या जागेत हे करून पाहता येईल का? आणि चौथा सर्वांत महत्त्वाचा, पीक फसले तर सांगणारा माणूस पुन्हा गावात येणार का?

एखादा साहेब नवे पीक घेऊन दारात आला, त्यात मीही आलोच, तर त्याला चहा जरूर द्या. पण या चार प्रश्नांची उत्तरे घेतल्याशिवाय त्याला उठू देऊ नका.